पहिले धनुष्य: पौंड कमी, बाण चांगले

प्रश्न: मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातील एका गावात राहतो. वय २६ वर्षे, उंची ५ फूट ६ इंच, हात उजवा. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. घरी काजूची बागायत आणि थोडेसे कुळागर, म्हणजे पोफळी-केळींची बाग, आहे. आजोबा पूर्वी गावच्या पारधीला जात, त्यांच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालो आणि धनुष्यबाणाची ओढ तेव्हापासूनची आहे. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो आणि तेथे परवाना काढून धनुष्याने हरणाची शिकार करतो. चवथीला येताना आपले जुने ६० पौंडांचे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले, धनुष्य मला आणून देण्याची त्याची तयारी आहे. ऑनलाइन पाहिले तर ‘हंटिंग बो’ या नावाने ४० पौंडांचे, ६० इंच लांबीचे एक रिकर्व्ह, म्हणजे टोके पुढे वाकलेले, धनुष्य ९,००० रुपयांना मिळते. माझ्याकडे सगळे मिळून १५,००० रुपये आहेत. यांपैकी कोणते घ्यावे? आणि कुळागरात शिरणाऱ्या रानडुकरांवर पुढेमागे त्याचा उपयोग होईल का?
– एक वाचक, सत्तरी

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण त्याचा निकाल लागल्याशिवाय धनुष्याची निवड करता येणार नाही. रानडुकरावर किंवा रानातल्या कोणत्याही जनावरावर तुम्हाला बाण सोडता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्याने शिकार या शब्दाचा अर्थ बराच विस्तृत केलेला आहे. जनावर मारणे, त्याला फासात किंवा सापळ्यात पकडणे, विष घालणे हे तर त्यात येतेच, पण यांतले काही करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच धरला जातो. म्हणजे बाण चुकला आणि डुक्कर झाडीत पळून गेले, तरी गुन्हा घडलेला असतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. जनावर गव्यासारखे पहिल्या अनुसूचीतले असेल, तर कैद किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची होते. जमीन आपली, पीक आपले, हा बचाव तेथे चालत नाही. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावराबाबत मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात हे खरे, पण तो निर्णय त्यांचा असतो, कागदावर असतो आणि कारणे नोंदवून घेतलेला असतो; बागायतदाराने तो आपल्या मनाने घ्यायचा नसतो.

हे लिहिताना तुमच्या नुकसानीकडे मी काणाडोळा करीत नाही. वर्षभर जपलेली केळीची आणि सुरणाची वाफे एका रात्रीत उकरून टाकलेली पाहिली की माणसाला काय वाटते, हे मला ठाऊक आहे. पण त्यावरचा उपाय निराळ्या दारात आहे. नुकसान झालेल्याच दिवशी फोटो काढून ठेवा, वन खात्याच्या क्षेत्रीय कार्यालयात भरपाईसाठी अर्ज देऊन पंचनामा करून घ्या, आणि वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात कुंपणासाठी मिळणाऱ्या अनुदानाची चौकशी करा. डुक्कर कुंपणाने थांबते, धनुष्याने थांबत नाही.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरीही पहिल्या धनुष्याने शिकार करायला जाणे हे त्या जनावरावर अन्यायाचेच ठरते. बंदुकीची गोळी आघाताने जनावर खाली पाडते. बाण रक्तस्राव घडवून मारतो. म्हणून जेथे धनुष्याने शिकार करणे कायदेशीर आहे, तेथे पात्यासारख्या धारदार फाळाचे बाण वापरतात, अनुभवी शिकारीसुद्धा सहसा वीस-तीस यार्डांच्या आतूनच बाण सोडतो, आणि अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी धनुष्याचा ताण, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, किमान ३० ते ४० पौंड असावा असा नियम आहे. इतक्या जवळून छातीच्या नेमक्या जागी बाण लागला नाही, तर जनावर जखमी होऊन पळते आणि दोन-चार दिवस तडफडून कोठेतरी झाडीत मरते. तुमच्या आतेभावाने हे कौशल्य एका दिवसात मिळवलेले नाही. तो आला की त्याला एवढेच विचारा, की पहिल्या जनावरावर बाण सोडण्यापूर्वी त्याने निशाण्यावर किती बाण सोडले होते.

आता धनुष्याकडे येतो. ‘हंटिंग बो’ हे नाव बाजूला ठेवा, कारण ते तुम्हाला दोन्हीकडून चुकीच्या मार्गाला नेईल. शिकारीचे धनुष्य जोरदार आणि आखूड असते: जोरदार, कारण फाळ शरीरात खोल जावा लागतो, आखूड, कारण झुडपांतून वाट काढताना किंवा झाडावरच्या मचाणावर बसून ते वळवावे लागते. शिकणाऱ्या माणसाला नेमके याच्या उलट हवे असते. त्याला हलके आणि लांब धनुष्य हवे. आखूड धनुष्य पूर्ण ओढले की दोरी बोटांभोवती टोकदार कोन करते, बोटे चिमटली जातात, आणि शेवटच्या दोन-तीन इंचांत ताण एकदम चढतो. लांब धनुष्यात तो हळूहळू चढतो आणि सोडताना झालेली हाताची लहानसहान चूक असे धनुष्य पोटात घेते.

धनुष्याच्या ताणाबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. मी १९ वर्षांचा असताना एका विक्रेत्याने मला ४५ पौंडांचे धनुष्य दिले. तरण्याताठ्या मुलाला याहून हलके कशाला हवे, असे त्याचे म्हणणे होते आणि मलाही ते ऐकून बरे वाटले. दुकानात मी ते दोनदा ओढून दाखवले. घरी आल्यावर दहाव्या-बाराव्या बाणाला डाव्या हाताची मूठ थरथरू लागायची, बाणाचे टोक धनुष्यावर टकटक वाजायचे, मान आपोआप पुढे जायची आणि निशाणा नीट दिसण्यापूर्वीच बोटे दोरी सोडून द्यायची. शरीराला ओझे झेपत नसले की ते सुटकेची घाई करते, आणि ती घाई एकदा अंगवळणी पडली की काढता काढता वर्षे जातात. चौथ्या महिन्यात उजवा खांदा असा धरला, की शर्टाच्या बाहीत हात घालणे कठीण झाले. पुढचे आठ महिने मी धनुष्याला हात लावला नाही. नंतर २४ पौंडांच्या धनुष्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकलो, आणि पहिल्याच आठवड्यात माझे बाण त्या ४५ पौंडांच्या धनुष्यापेक्षा एकमेकांच्या अधिक जवळ पडू लागले. म्हणून नवशिक्याला मी एकच कसोटी सांगतो: धनुष्य पूर्ण ओढा, हनुवटीखाली हात टेकवा, दहा सेकंद धरा, बाण न सोडता दोरी सावकाश परत आणा, आणि हे थोड्या थोड्या विश्रांतीने दहा वेळा करा. शेवटच्या खेपेला मूठ हलली, तर ते धनुष्य तुमच्यासाठी जड आहे, मग त्यावर आकडा कोणताही असो.

आकड्याचेही एक गणित आहे, ते विकत घेण्यापूर्वी समजून घ्या. रिकर्व्हच्या पातीवर, म्हणजे धनुर्धारी ज्याला लिम्ब म्हणतात त्यावर, जे पौंड छापलेले असतात, ते दोरी २८ इंच ओढल्यावरचे असतात. तुम्ही किती इंच ओढाल, हे तुमच्या हातांवर ठरते. भिंतीला पाठ लावून उभे राहा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरा, एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर कोणाकडून तरी मोजून घ्या आणि त्याला २.५ ने भागा. बहुतेकांचा हा पसारा उंचीइतकाच असतो. तुमचा ६६ इंच भरला, तर तुमची ड्रॉ लेंग्थ, म्हणजे ओढ, साधारण २६.४ इंच येते. २८ पेक्षा एक इंच कमी ओढले की ताण सुमारे २ पौंडांनी उतरतो. याचा अर्थ २६ पौंड छापलेले धनुष्य तुमच्या हातात २३ पौंडांच्या आसपास भरेल. तुमच्या वयाच्या आणि रोज कारखान्यात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला सुरुवातीला २४ ते २६ छापलेले धनुष्य योग्य आहे. तुमच्या ड्रॉ लेंग्थला धनुष्याची लांबी ६६ इंच असू द्या. ६४ चालेल, ६० घेऊ नका.

हाताइतकाच डोळाही तपासावा लागतो आणि बहुतेक लोक हे विसरतात. दोन्ही हात समोर ताणून तळव्यांमध्ये एक लहानसा त्रिकोण करा, त्यातून दूरच्या माडाचे एखादे शहाळे दोन्ही डोळ्यांनी पाहा, आणि मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने पाहताना शहाळे त्रिकोणातच राहते, तो तुमचा प्रमुख डोळा. तो उजवा असेल तर प्रश्नच नाही: धनुष्य डाव्या हातात, दोरी उजव्या हातात. तो डावा निघाला, तर डावखुरे धनुष्य घेण्याचा विचार अगदी सुरुवातीलाच करा, कारण आज दोन्ही बाजू तुम्हाला सारख्याच नवीन आहेत. वर्षभराने बदल करणे फार जड जाते.

तुमच्यासमोरच्या दोन पर्यायांबद्दल स्पष्टच सांगतो: दोन्ही घेऊ नका.

आतेभावाच्या कंपाउंड धनुष्याचे आकर्षण मला समजते. त्याच्या दोन्ही टोकांना चाके, म्हणजे कॅम असतात, आणि त्यामुळे पूर्ण ओढल्यावर ताणाचा मोठा भाग नाहीसा होतो. ७५ ते ८० टक्के सूट असेल, तर ६० पौंडांचे धनुष्य धरताना हातावर १२ ते १५ पौंडच राहतात. पण त्या विसाव्यापर्यंत पोहोचण्यासाठी ६० पौंडांचा चढ पार करावाच लागतो. पातीचे बोल्ट सैल करून ताण फार तर दहाएक पौंडांनी उतरतो, म्हणजे ५० राहतातच. शिवाय कंपाउंडची ड्रॉ लेंग्थ कॅमवर बांधलेली असते. आतेभाऊ तुमच्यापेक्षा चार बोटे उंच असेल, तर ते धनुष्य त्याच्या मापाचे आहे. तुमचा खांदा आणि कोपर त्या मापाला ओढले जातील. दोरी किंवा केबल बदलायची झाली, तर बो प्रेस नावाचे यंत्र लागते, ते घरी नसते आणि गावातही नसते. आणि कंपाउंडची दोरी बाण न लावता एकदा जरी सुटली, तर पाती फुटू शकते, कॅम वाकू शकतो, केबल निसटून तोंडावर येऊ शकते. घरी पाहुणे आल्यावर एखादा उत्साही चुलतभाऊ नेमके हेच करतो.

कंपाउंड वाईट आहे, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ घेऊ नका. साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्या हाताखाली तयार झालेली अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, ती कंपाउंडवरच, आणि त्या वेळी अदिती अवघी १७ वर्षांची होती. पण त्या मुलांच्या मागे रोज प्रशिक्षक उभा होता आणि धनुष्य त्यांच्या मापाचे होते. एकट्याने, परसात, दुसऱ्याच्या मापाच्या धनुष्यावर शिकणे ही गोष्ट वेगळी. आतेभावाला सांगा, की धनुष्य राहू दे. आणायचेच असेल, तर त्याच्याकडून दोरी ओढताना बोटांना जपणारा एक चांगला फिंगर टॅब आणि दोरीला लावायचे मेण मागवा. शिकारी बाणांचे धारदार फाळ मात्र आणू नका असे त्याला निक्षून सांगा. ते फाळ घरात असण्याचे एकही कारण तुमच्याकडे नाही.

ऑनलाइनचे ४० पौंडांचे धनुष्य का नको, हे वर आलेच आहे. जड आहे, आखूड आहे, आणि त्याच्यासोबत फुकट म्हणून जे बाण देतात, ते बहुधा त्या धनुष्यालाही जुळत नाहीत, मग तुमच्या हाताला कोठून जुळणार.

तुमच्या पैशांत दोन चांगल्या वाटा आहेत. पहिली, इंडियन राउंडचे धनुष्य. बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेले हे देशी धनुष्य आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांत ३० आणि ५० मीटरवर चालते, भारतातल्या अनेक नामवंत धनुर्धरांनी सुरुवात त्याच्यावरच केली, आणि ते काही हजारांत येते. त्याची रचना अगदी साधी असते. डोळा, हात आणि श्वास यांवरच सगळे अवलंबून असते. दुसरी वाट म्हणजे टेकडाउन रिकर्व्ह: मधला लाकडी दांडा, म्हणजे रायझर, आणि त्याला बोल्टने जोडायच्या दोन लिम्ब. हात तयार झाला की रायझर तोच ठेवून फक्त लिम्ब बदलायच्या, २६ च्या जागी ३० पौंडांच्या लावायच्या. आयएलएफ या प्रमाणित जोडणीचा रायझर मिळाला तर फारच उत्तम, कारण त्याला वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिम्ब बसतात. पण तो तुमच्या रकमेत बसवायचा हट्ट धरू नका. मला निवडायला सांगाल, तर मी तुम्हाला ६६ इंची, २४ किंवा २६ पौंडांचे साधे टेकडाउन सुचवीन, कारण पहिल्या वर्षातच तुमची ताकद वाढेल आणि तेव्हा नवे धनुष्य घेण्याची वेळ येणार नाही. जुने मिळाले तरी चालेल, फक्त ते घेण्यापूर्वी दोरी चढवून समोर धरा आणि दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध जाते का ते पाहा. ती एका बाजूला गेली असेल, तर लिम्ब पिळलेली आहे. मग कापसाचा बोळा लिम्बच्या कडांवरून सावकाश फिरवा. जेथे धागा अडकेल, तेथे चीर आहे.

आता बाण. येथे मी थोडा थांबणार आहे, कारण लोक धनुष्याची चौकशी महिनाभर करतात आणि बाण मिळतील ते घेतात. खरे पाहता साधे धनुष्य आणि चांगले बाण ही जोडी, भारी धनुष्य आणि भलत्याच बाणांपेक्षा कितीतरी बरी. दोरी सुटली की बाण सरळ जात नाही. तो आधी मासोळीसारखा वळवळतो, रायझरला वळसा घालून पुढे सरळ होतो. हे वळणे किती असावे, याचे माप म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर आधार देऊन बाणाच्या मध्यावर ८८० ग्रॅमचे वजन टांगले आणि तो अर्धा इंच वाकला, तर त्याची स्पाइन ५००, ०.९ इंच वाकला तर ९००. म्हणजे आकडा लहान, बाण ताठ. बाजारात सर्रास मिळणारे ४०० आणि ५०० चे बाण जोरदार धनुष्यांसाठी असतात. तुमच्या २३ पौंडांच्या ओढीला ते लोखंडी सळईसारखे वाटतील: उजव्या हाताच्या धनुर्धराचे असे बाण एकसारखे डावीकडे जातात, आणि तो बिचारा आपलाच हात चुकतो असे समजून महिनोन्‌महिने हात बदलत बसतो. तुम्ही ९०० ते १००० च्या आसपासचे घ्या, लांबी २८ इंच ठेवा. तुमच्या ओढीपेक्षा दीड इंच जास्त लांबी मुद्दाम सांगतो आहे, कारण शिकताना ओढ कमीजास्त होते, आणि आखूड बाण मागे ओढला जाऊन मुठीवर येणे हा या खेळातला सर्वांत वाईट अपघात आहे. ६ बाण पुरतात, ८ असले तर बरे. सगळे एकाच मापाचे, एकाच वजनाचे आणि साध्या, गोल टोकाचे असावेत.

कार्बनचे बाण असतील, तर एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बाण निशाण्याच्या चौकटीवर किंवा दगडावर आपटला की तो लगेच पुन्हा लावू नका. दोन्ही टोके धरून किंचित वाकवा, कानाजवळ धरा, सगळ्या बाजूंनी फिरवा. अगदी बारीक कर्रर्र आवाज आला किंवा अंगठ्याला तंतू टोचला, तर तो बाण तेथेच मोडून टाका. फुटका कार्बन सुटताना फाटला, तर त्याच्या काटक्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात. एका शिकाऊ मुलाच्या अंगठ्याच्या मुळातून अशी काटकी डॉक्टरांनी काढताना मी शेजारी उभा होतो. केसाएवढी बारीक आणि बोटाच्या पेराएवढी लांब होती. तेव्हापासून माझ्यासमोर कोणी बाण न तपासता लावत नाही.

पैशांची वाटणी मी अशी करीन: धनुष्याला ८,००० पर्यंत, बाणांना ३,०००, आणि फिंगर टॅब, आर्म गार्ड, बो स्ट्रिंगर व एक जादा दोरी यांना मिळून दीड-दोन हजार. उरलेले दोनेक हजार निशाण्यासाठी आणि शिकण्यासाठी राखून ठेवा. बो स्ट्रिंगर म्हणजे दोरी चढवायची साधी दोरीच असते, पण ती नाही म्हणून लोक धनुष्य मांडीखाली दाबून वाकवतात आणि लिम्ब पिळून बसतात. आर्म गार्डवर पैसे वाचवावेसे वाटतील, वाचवू नका. दोरी एकदा कोपराच्या आतल्या बाजूला चाटून गेली, की तेथे वीतभर निळाजांभळा वळ उठतो, आणि पुढचे पन्नास बाण माणूस निशाण्याऐवजी त्या वळाचाच विचार करीत सोडतो. जादा दोरी मागवताना लाकडी लिम्बसाठी डॅक्रॉनचीच मागवा. न ताणणाऱ्या आधुनिक धाग्याची दोरी, मजबूत टोके नसलेल्या लिम्बना फोडू शकते.

सराव कोठे करायचा, हे आपल्या गावांत नीट ठरवावे लागते. घराभोवती चिऱ्याची गडगी असते आणि तीच मागची भिंत म्हणून पुरेल असे अनेकांना वाटते. कमरेएवढ्या गडग्यावरून चुकलेला बाण सहज पलीकडे जातो. २४ पौंडांच्या धनुष्याचा बाणही थोडा वर धरला, तर शंभर मीटरच्या पलीकडे जाऊन पडतो. आणि चिऱ्यावर लागलेला बाण एकतर फुटतो किंवा परत फिरतो. मागे उंच मातीची दरड असलेली, पलीकडे वाट किंवा गुरे नसलेली जागा शोधा, आणि सराव सुरू असताना घरातल्या मुलांना तुमच्या पाठीमागेच थांबायला सांगा. निशाणा विकत घेण्याची घाई नको. तांदळाच्या दोन मोठ्या पोत्यांत जुन्या साड्या, चादरी, फाटके कपडे ठासून भरा. बटणे, चेन, हुक आधी कापून काढा. इतके ठासा, की मुठीने बुक्की मारली तर मूठ आत रुतू नये. सैल राहिले, तर बाण पिसांसकट आत जातो आणि पिसे सोलून निघतात. नारळाची सोडणे भरण्याच्या भानगडीत पडू नका. बाण त्यांत असा घट्ट बसतो, की ओढताना वाकतो.

पावसाळ्यात धनुष्याची काळजी घ्यावी लागते आणि सत्तरीच्या पावसाबद्दल मी तुम्हाला काय सांगावे. सराव संपला की दोरी उतरवा, लिम्ब कोरड्या फडक्याने पुसा, दोरीला मेण लावून बोटांच्या उबेने मुरवा, आणि धनुष्य भिंतीला टेकवून उभे न ठेवता खुंट्यांवर आडवे ठेवा. ओल्या भिंतीपासून ते दूर असावे. उन्हाळ्यात बंद मोटारीत ठेवून कामावर जाऊ नका, कारण त्या उष्णतेने पट्ट्यांमधला गोंद सुटतो. बोल्टवर तेलाचा एक थेंब पुरे; नाहीतर श्रावणापर्यंत ते गंजून बसतात.

आणि शक्य असेल तर पहिले सहा-आठ धडे कोणाकडून तरी समोर उभे राहून घ्या. पणजीला क्रीडा खात्यात किंवा गोवा क्रीडा प्राधिकरणाकडे जाऊन धनुर्विद्येचे प्रशिक्षण सध्या कोठे चालते ते विचारा. जेथे चालते, तेथे आधी त्यांचेच धनुष्य हातात घेऊन पाहा आणि मग पैसे खर्च करा. तुमची पाठ तुम्हाला दिसत नाही, खांदा वर चढलेला तुम्हाला कळत नाही. ते दुसऱ्याने पाहूनच सांगावे लागते.

धनुष्य घरी आले की पहिला महिना पोत्यावर निशाणाच लावू नका. पाच मीटरवर उभे राहा, इतक्या जवळून चुकणे शक्य नाही याची खात्री करून घ्या, आणि फक्त पाय, पाठ, हनुवटीखालचा हात आणि बोटांची सुटका यांकडे लक्ष द्या. दिवसाला ३० ते ४० बाण, आठवड्यातून चार दिवस. सहाही बाण एका तळहाताच्या आत पडू लागले की दहा मीटरवर जा, तेथे जमले की अठरावर. चवथीच्या सुट्टीत आतेभाऊ येईल, तेव्हा त्याला तुमच्या धनुष्यावर दहा बाण सोडायला लावा, पाठीमागे उभे राहून त्याचा उजवा कोपर पाहा, आणि मग त्याला तुमचा पाहायला सांगा. मात्र ऑर्डर देण्यापूर्वी हातांचा पसारा मोजून घ्या आणि तो आकडा मला पत्राने कळवा. ६६ ऐवजी ६९ किंवा ६३ निघाला, तर वर सांगितलेली धनुष्याची लांबी आणि बाणांची स्पाइन दोन्ही बदलतील.